जॅकपॉट नक्की कुणाच्या भल्याचा?

श्रोतेहो, नमस्कार. लॉटरीचे प्रचंड जॅकपॉट, म्हणजे सर्वांत मोठी बक्षिसं, जिंकणाऱ्याचं भलं करतात की वाटोळं, हा आजचा प्रश्न.

लॉटरीत अफाट रक्कम लागलेल्या माणसाचं पुढे काय होतं, हे कुणालाही विचारून पाहा. उत्तर तयार असतं. ‘अहो, वाटोळं होतं! पैसा टिकत नाही, नातीगोती तुटतात आणि शेवटी माणूस होता त्याहून कंगाल होतो.’ सोबत एक आकडाही ऐकवला जातो, की 70 टक्के विजेत्यांचं काही वर्षांतच दिवाळं निघतं. अमेरिकेतल्या एका आर्थिक शिक्षण संस्थेच्या नावावर हा आकडा वर्षानुवर्षं खपला. अखेर 2018 मध्ये त्या संस्थेनंच जाहीर केलं, की आमच्या कुठल्याही संशोधनातून असं काही निघालेलं नाही. तरी आकडा जिवंत आहेच. ज्यांना लॉटरी लागली नाही अशा कोट्यवधी लोकांना तो हवासा वाटतो ना! द्राक्षं आंबट निघाली, की कोल्ह्याला झोप बरी लागते.

या समजुतीला जुना आधारही आहे. 1978 मध्ये अमेरिकेत मानसशास्त्रज्ञांनी 22 विजेत्यांना गाठलं. हे विजेते इतरांपेक्षा फारसे सुखी नव्हते आणि रोजच्या साध्यासुध्या गोष्टींतला त्यांचा आनंद मात्र कमी झाला होता. निष्कर्ष चटकदार होता, म्हणून गाजला. पण माणसं किती? बावीस!

नंतर स्वीडनमधल्या अर्थशास्त्रज्ञांनी हजारो विजेत्यांची माहिती तपासली. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात बक्षीस लागून 5 ते 22 वर्षं उलटलेले लोक होते. मोठं बक्षीस मिळालेले लोक आयुष्याबद्दल जास्त समाधानी होते, आणि ते समाधान वर्षं गेली तरी ओसरलं नव्हतं. रोजच्या मनःस्थितीत मात्र फार फरक दिसला नाही, आणि ते पटण्यासारखं आहे. बँकेत पैसे आहेत म्हणून सकाळची चिडचिड थोडीच थांबते! याच देशातल्या विजेत्यांच्या कामाचाही अभ्यास झालाय. त्यांनी नोकऱ्यांवर लाथ मारली नाही, कामाचे तास थोडे कमी केले, इतकंच.

म्हणजे पैसा बाधतो, हे काही खरं नाही. पैशानं माणूस बदलत नाही, हे मात्र बरंचसं खरं. फ्लोरिडात 50 हजार ते दीड लाख डॉलर जिंकलेल्यांची तुलना किरकोळ रक्कम जिंकलेल्यांशी केली गेली. पहिली दोन वर्षं मोठ्या विजेत्यांमध्ये दिवाळखोरी कमी दिसली. पण पाच वर्षांचा हिशेब मांडला, तर दोन्ही गट सारखेच. संकट टळलं नव्हतं, लांबणीवर पडलं होतं.

पण हे सगळे आकडे बेताच्या बक्षिसांचे आहेत. आपला प्रश्न आहे तो शेकडो कोटींचा. एवढी रक्कम लागणारी माणसं जगात इतकी थोडी, की तिथे सरासरी काढण्यात अर्थ नाही. तिथे बक्षीस कसं दिलं जातं, ते बघावं लागतं.

2002 च्या नाताळात वेस्ट व्हर्जिनियातल्या एका बांधकाम कंत्राटदाराला जवळजवळ साडेएकतीस कोटी डॉलरचा जॅकपॉट लागला. हप्त्यांऐवजी कमी रक्कम एकदम घेऊन आणि कर भरून हातात आले सुमारे अकरा कोटी. हा गृहस्थ आधीच श्रीमंत होता, व्यवसाय चालवत होता. म्हणजे पैसा हाताळायची अक्कल नव्हती, असं म्हणायची सोय नाही. तरी पुढे गाडीतून लाखो डॉलरची रोकड चोरीला गेली, कोर्टकचेऱ्या मागे लागल्या आणि अमली पदार्थांच्या विळख्यात सापडलेली नात दोन वर्षांत दगावली. माझ्या मते इथे पैशापेक्षा प्रसिद्धी जास्त भोवली. आधीची श्रीमंती ओळखीच्या लोकांपुरती होती, आता अख्ख्या देशाला त्याचा चेहरा आणि आकडा दोन्ही पाठ झाले होते.

ही प्रसिद्धी टाळता येते का? ब्रिटनमध्ये नाव सांगायचं की नाही, हे विजेता ठरवतो. अमेरिकेत ते राज्यागणिक बदलतं. कॅलिफोर्नियात नाव जाहीर होतंच. सोडत खरी झाली हे लोकांना कळायला हवं, असं त्याचं कारण सांगतात. ते खोटं नाही. पण धनादेशाचा भलामोठा फलक हातात धरलेल्या माणसाचा फोटो ही पुढच्या तिकिटांची जाहिरातही असते, हेही खरंच.

ऑक्टोबर 2015 मध्ये पॉवरबॉल या अमेरिकी लॉटरीनं आपल्या आकड्यांची रचना बदलली. त्याआधी जॅकपॉट लागण्याची शक्यता साडेसतरा कोटींत एक होती, ती एकोणतीस कोटींत एक झाली. कुणालाच न लागलेली रक्कम पुढच्या सोडतीत जमा होते, म्हणून जॅकपॉट फुगत जातो. तीन महिन्यांत तो दीडशे कोटी डॉलरच्या वर गेला. नोव्हेंबर 2022 मध्ये एकाच तिकिटाला 204 कोटी लागले. हे विजेत्याच्या सुखासाठी केलं होतं का? तीच रक्कम प्रत्येकी वीस लाख डॉलरप्रमाणे वाटली असती, तर हजाराहून जास्त कुटुंबांची कर्जं फिटली असती, आणि त्यांच्या दारात पत्रकारांची झुंबडही उडाली नसती. पण वीस लाखांच्या बक्षिसासाठी तिकिटाच्या रांगा लागत नाहीत.

विजेत्याला सांभाळणारी एक सोय याच लॉटरीत आहे : तीस हप्ते, दरवर्षी पाच टक्क्यांनी वाढणारे. एका वर्षी घोडचूक केली, तरी पुढच्या वर्षीचा हप्ता ठरलेला. पण बहुतेक विजेते एकरकमीच घेतात.

आणि शेजाऱ्यांचं काय? कॅनडात असं आढळलं, की बक्षीस जितकं मोठं, तितकी विजेत्याच्या जवळपास राहणाऱ्यांत दिवाळखोरी जास्त. बरोबरी करायच्या नादात त्यांनी दिसतील अशा वस्तूंवर, घरांवर, गाड्यांवर पैसे घातलेले.

म्हणून मला स्पेनची नाताळ लॉटरी बरी वाटते. 1812 पासून चालत आलेली. तिथे एकच क्रमांक अनेकदा छापला जातो, त्या तिकिटांचेही दहा-दहा हिस्से होतात, आणि कचेऱ्या, मंडळं, अख्खी गावं मिळून एक क्रमांक घेतात. 2011 मध्ये सोदेतो नावाच्या छोट्याशा गावात असंच घडलं. गृहिणींच्या मंडळानं घरोघर फिरून हिस्से विकले होते, आणि पहिलं बक्षीस नेमकं त्याच क्रमांकाला लागलं. सत्तरेक घरांचं गाव. ज्याला सगळ्यात कमी मिळाले, त्यालाही लाखभर युरो मिळाले. शेजाऱ्याकडे बघून जळायचं तर शेजारीही जिंकलेला. बाहेरचे पत्रकार आले, तेव्हा त्यांना सगळ्यात जास्त कुतूहल वाटलं ते गावातल्या एकाच माणसाचं. त्याच्या घरी मंडळाच्या बायका जायच्या राहून गेल्या होत्या.

नमस्कार.