आखूड कानांचा ससा अन् आपलं मुंगूस

हरभऱ्याच्या वावरात रात्रीची जागल सुरू आहे. आबाजींनी टॉर्च मारला की धुऱ्यावर दोन लांब कान उभे होतात, अन् डोळ्याची पापणी लवायच्या आत ससा पसार. कोल्हा, रानमांजर, गावातली कुत्री, एवढे जण मागं लागलेले असले तं पळावंच लागते बाप्पा. याचं पिल्लूही उघड्यावरच जन्मते, अंगावर केस अन् डोळे उघडे घेऊनच.

आता हा दुसरा ससा पाहा, जपानच्या अमामी बेटावरचा. मोबाईलवर फोटो दाखवला तं आबाजी म्हणाले, "हे तं घुशीवानी दिसते." खरंच आहे, काळपट रंग, आखूड कान, बुटके पाय अन् माती उकरायची दणकट नखं. जगात हा फक्त अमामी ओशिमा अन् तोकुनोशिमा या दोनच बेटांवर उरलाय. याच्या भाऊबंदांचे जीवाश्म चीनमध्ये सापडले, म्हणजे मूळ घराणं मुख्य भूमीवरचं, तिकडं ते संपलं अन् समुद्रानं तोडलेल्या बेटांवर ही एक शाखा टिकली. याला 'जिवंत जीवाश्म', म्हणजे जुन्या काळापासून न बदलता टिकलेला जीव, म्हणतात, मला काही तो शब्द पटत नाही, कारण हाही आपल्या जागेप्रमाणं घडतच गेला ना. बेटावर शिकार करणारं कोल्ह्या-मांजरासारखं जनावरच नव्हतं, भीती होती ती हाबू नावाच्या विषारी सापाची, मग वाऱ्यासारखं पळायचं कोणापासून? आई पिल्लासाठी वेगळं बीळ करते, तोंड मातीनं लिंपून निघून जाते, अन् एक-दोन रात्रींनी येऊन बीळ उकरून दूध पाजते, की पुन्हा लिंपून टाकते.

मग 1979 मध्ये माणसानं डोकं चालवलं, हाबू मारायला 30च्या आसपास मुंगसं सोडली. तीही मूळची आपल्याकडची, बंगालच्या बाजूचं छोटं मुंगूस, 1910 मध्ये ओकिनावा या जपानच्याच दुसऱ्या बेटावर नेलेलं. पण हाबू फिरतो रात्री अन् मुंगूस दिवसा, भेट होणार कशी! मुंगसं हजारोंनी वाढली अन् त्यांच्या विष्ठेत सशाचे अवशेष सापडू लागले.

मग पिंजरे, कॅमेरे, वास काढणारी कुत्री. शेवटचं मुंगूस 2018 मध्ये सापडलं, बेट मुंगूसमुक्त जाहीर झालं ते 2024 मध्ये.

"काहून बापू," आबाजी म्हणाले, "सहा वर्षं नसलेलंच मुंगूस हुडकत होते का?"

अन् टॉर्च पुन्हा धुऱ्याकडं वळवला.