गाळे पुढे, गाड्या बाजूला

श्रोतेहो, नमस्कार. पारोळा, चोपडा, शहादा, कुठलंही गाव घ्या. वेशीबाहेर नवे गाळे उठतात. शटर मागे आणि पुढे वीस-पंचवीस फूट उघडी फरशी, ‘गाड्या लागतील’ म्हणून. घोटाळा इथेच होतो. वैशाखात ती फरशी तव्यासारखी तापते. गिऱ्हाईक दारात गाडी लावतं, एकाच दुकानात शिरतं आणि निघून जातं. शेजारचा गाळा नुसता बघत राहतो.

म्हणून गाळे पुढे आणा आणि गाड्यांसाठी बाजूला सगळ्यांची मिळून एकच जागा ठेवा. एका कारला साधारण 8 बाय 16 फूट लागतात. तेवढ्यात पाच मोटारसायकली मावतात, आणि आपलं गिऱ्हाईक बहुतेक मोटारसायकलवरच येतं. हायवेलगत असाल तर प्रत्येक गाळ्याला वेगळं तोंड नको. सर्व्हिस रोड आणि त्याला एकच तोंड.

आता सावली. खानदेश साधारण 21 अक्षांशावर आहे. मेअखेरीस भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, तेव्हा सहा फुटी छज्जा पुरतो. चारनंतर मात्र तिरपं ऊन पश्चिमेकडे तोंड असलेल्या गाळ्यात छज्ज्याखालून थेट गल्ल्यापर्यंत येतं. तिथे झाडच हवं: कडुनिंब किंवा करंज, वीस-पंचवीस फुटांवर एक, विजेच्या तारांपासून लांब. बुंध्याभोवती चारी बाजूंनी तीन फूट माती उघडी ठेवा. काँक्रीट बुंध्याला भिडवलं की मुळांना पाणी मिळत नाही.

फूटपाथ किमान 1.8 मीटर मोकळा हवा. डीपी, खांब, दुकानाचा फलक या मापात धरायचा नाही. उंची 15 सेंटीमीटरहून जास्त नको, नाहीतर म्हातारी माणसं खाली रस्त्यावरूनच चालतात.

पेव्हर ब्लॉक उखडतात त्याचं कारण बहुधा खालची काळी माती. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. आधी ती काढा. मुरूम अर्ध्या-अर्ध्या फुटाच्या थरांत पाणी मारून दाबा, वर दीड इंच वाळू. माणसं चालणार तिथे 60 मिलिमीटरचा ब्लॉक, गाड्या फिरणार तिथे 80. कडेला कर्बचे दगड पक्के बसवा, नाहीतर ब्लॉक सरकतात. उतार शटरपासून बाहेर, 50 फुटांत एक फूट.

राहिले केळीवाले, भरताच्या वांग्यांचे गाडे. 2014 च्या पथविक्रेता कायद्यानुसार गावच्या पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेते असतात. आराखडा आधी त्यांना दाखवा. गाडा कुठे उभा राहतो ते त्यांनाच नेमकं ठाऊक असतं. तिथेच एक नळ आणि एक दिवा काढून ठेवा.