मॅचच्या आधीच आलेली जागा

नमस्कार श्रोतेहो. अमेरिकेत रेसिडेन्सीसाठी, म्हणजे पदवीनंतरच्या रुग्णालयातल्या प्रशिक्षणासाठी, अर्ज केलेल्या डॉक्टरला ऐन मुलाखतींच्या दिवसांत एखादा फोन येतो: ‘जागा तुमची. परवापर्यंत कळवा.’ मॅच म्हणजे उमेदवारांच्या आणि प्रोग्रामच्या (रुग्णालयांतल्या प्रशिक्षणक्रमांच्या) पसंतीयाद्या जुळवून जागा ठरवणारी देशव्यापी पद्धत. तिचा निकाल लागणार मार्चमधल्या तिसऱ्या शुक्रवारी. मग घरी सल्ले सुरू होतात, हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नये वगैरे.

ही घाई जुनीच आहे. १९४०च्या दशकात तिथली रुग्णालयं विद्यार्थ्यांना पदवीच्या दोन-दोन वर्षं आधी बांधून घेत. त्यावर तारखेचं बंधन घातलं, तर उत्तराची मुदत आकसली. १९४९पर्यंत बारा तासांची मुदतही जास्त वाटू लागली! या रस्सीखेचीतूनच १९५२मध्ये मॅच सुरू झाली. तरी परदेशी पदवीधरांना मॅचबाहेर घेण्याची वाट बरीच वर्षं उघडी होती. २०१३च्या मॅचपासून नियम कडक झाला: मॅचमध्ये उतरलेल्या प्रोग्रामनं, काही अपवाद सोडले तर, सगळ्या जागा मॅचमधूनच भरायच्या. म्हणून फोनवर पहिला प्रश्न हाच विचारा, ‘तुमचा प्रोग्राम मॅचमध्ये आहे का?’ उत्तर गुळमुळीत आलं तर सावध व्हा.

मग करारपत्र मागवा आणि त्यातला एक शब्द शोधा. ‘कॅटेगोरिकल’ असेल तर पूर्ण प्रशिक्षणाची जागा. ‘प्रीलिमिनरी’ असेल तर सहसा एकच वर्ष, आणि पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखती. प्रोग्रामला एसीजीएमईची, म्हणजे रेसिडेन्सी प्रोग्राम तपासणाऱ्या तिथल्या संस्थेची, मान्यता आहे ना? व्हिसा कोणता? जे-१वर, म्हणजे प्रशिक्षणार्थींच्या व्हिसावर, शिकलात तर नंतर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट लागते. ती माफ करून घेता येते, पण सहजासहजी नाही. एच-१बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा, हवा तर स्टेप ३ ही डॉक्टरी परवान्याची शेवटची परीक्षा आधी उत्तीर्ण हवी.

आता माझं मत. पदवीला आठ-दहा वर्षं झालीत, मुलाखत एकुलती एक, आणि करार वर सांगितल्याप्रमाणे नीट आहे, तर सही करा. लोक काय म्हणतील हा विचार नको. मुलाखती भरपूर असतील आणि हा विषय मनापासून नको असेल, तर केवळ भीतीपोटी हो म्हणू नका. मॅचची गणितं उमेदवाराच्या पसंतीपासून सुरू होतात, आवडता प्रोग्राम यादीत वर ठेवल्यानं तुमचं नुकसान होत नाही. मधल्यांची पंचाईत खरी. त्यांनी मुदत वाढवून मागावी. चार दिवस मागितले म्हणून जागा काढून घेणारा विभागप्रमुख पुढची तीन वर्षं कसा वागवील, याचा अंदाज तिथंच येतो.

आणि हो म्हणायचं ठरलंच, तर क्रम चुकवू नका. फोनवरच्या शब्दावर मॅचमधून नाव काढायचं नाही. आधी दोन्ही बाजूंच्या सह्यांचा करार हातात घ्या, मगच नाव मागे घ्या. पण पसंतीयादीची अंतिम मुदत संपण्याआधी. ते राहून गेलं आणि मॅचमध्ये दुसरीकडे नंबर लागला, तर तो निकालही बंधनकारक असतो.