वीस किलोंचा रुग्ण

हवाई दलाच्या सी-१७ विमानाच्या पोटात एकामागून एक चढवल्या जाणाऱ्या या पेट्यांमध्ये एक अख्खे रुग्णालय बांधलेले आहे. क्ष-किरण यंत्र, व्हेंटिलेटर, मॉनिटर, प्राणवायू तयार करणारा संच, तीस खाटांचे सामान आणि या साऱ्याबरोबर निघालेले ९९ जण. तारीख आहे ७ फेब्रुवारी २०२३. आदल्या दिवशी पहाटे ४ वाजून १७ मिनिटांनी दक्षिण तुर्कस्तान आणि उत्तर सीरिया ७.८ तीव्रतेच्या भूकंपाने हादरले होते, आणि दुपारी ७.५ तीव्रतेच्या दुसऱ्या भूकंपाने उरलेसुरले पाडले होते. भारतीय लष्कराच्या आग्र्यातल्या ‘६० पॅराशूट फील्ड हॉस्पिटल’ या फिरत्या रुग्णालयाच्या पथकाला निघण्याचा हुकूम मिळाला. मोहिमेचे नाव ‘ऑपरेशन दोस्त’. दोस्त हा शब्द तुर्की भाषेतही दोस्तच आहे.

हे पथक परदेशी भूमीवर पहिल्यांदाच जात नव्हते. कोरियन युद्धाच्या वेळी, नोव्हेंबर १९५० मध्ये, याच पथकाचे सुमारे साडेतीनशे जण लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या नेतृत्वाखाली कोरियातल्या बुसान बंदरात उतरले होते. त्या वेळी ते ६० पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स या नावाने ओळखले जाई. त्यांची एक तुकडी आघाडीवरच्या राष्ट्रकुल ब्रिगेडबरोबर राहिली, तर दुसरीने देगू शहरात दक्षिण कोरियाच्या नागरिकांवर उपचार केले आणि तिथल्या वैद्यकीय कर्मचाऱ्यांना शिकवले. डिसेंबरमधल्या, संयुक्त राष्ट्रांच्या फौजांच्या माघारीची हकिकत सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. प्याँगयांग सोडताना पुरेशी वाहने नव्हती आणि वैद्यकीय साहित्य मागे टाकण्याची वेळ आली होती. तेव्हा या लोकांनी एक जुने वाफेचे इंजिन आणि काही डबे शोधून काढले, बादल्यांनी पाणी आणून इंजिनात भरले आणि पूल उडवला जाण्याआधी सारे सामान घेऊन दक्षिण गाठली. रंगराज यांना पुढे महावीर चक्र मिळाले. फेब्रुवारी १९५४ पर्यंत हे पथक कोरियात होते. सामान सोडायचे नाही, ही या पथकाची शिस्त तेव्हापासूनची आहे, आणि आजच्या या पेट्यांकडे पाहतानाही ती ध्यानात ठेवायला हवी.

आता जे शहर दिसते आहे ते हाताय प्रांतातले इस्केंदेरून. भूमध्य समुद्राच्या काठावरच्या या बंदरातले कंटेनर भूकंपानंतर पेटले आणि काळ्या धुराचा हा लोट कित्येक दिवस शहरावर राहिला. सरकारी रुग्णालयाचा एक भाग कोसळला होता. ज्या दिवशी शहराला रुग्णालयाची सर्वांत जास्त गरज होती, त्याच दिवशी ते ढिगाऱ्यात गेले होते. भूकंपग्रस्त दहा प्रांतांमध्ये सुमारे ४६ लाख मुले राहत होती, असा युनिसेफचा अंदाज होता.

लष्करी फील्ड हॉस्पिटलची मूळ आखणी जवानासाठी असते. जवान म्हणजे साधारण सत्तर किलो वजनाचा, निरोगी, आपले दुखणे शब्दांत सांगू शकणारा माणूस. सहा वर्षांच्या मुलाचे वजन सुमारे वीस किलो असते आणि त्याच्या अंगात जेमतेम दीड लिटर रक्त असते. आपण रक्तदान शिबिरात एका बैठकीत ३५० मिलीलिटर रक्त देऊन चहा-बिस्किटे घेतो आणि घरी जातो. तेवढेच रक्त या मुलाच्या अंगातून गेले, तर त्याच्या एकूण रक्ताच्या पाचव्या हिश्शाहून अधिक रक्त संपलेले असते. शिवाय मुलाचे शरीर फसवे असते. मोठ्या माणसाचा रक्तदाब घसरू लागतो तेव्हा डॉक्टर सावध होतात. मुलाचा रक्तदाब मात्र बराच वेळ तग धरतो, फक्त नाडी धावू लागते आणि हातपाय गार पडतात, आणि रक्तदाब घसरतो तेव्हा हाताशी फार थोडा वेळ उरलेला असतो.

ढिगाऱ्याखाली तासन्‌तास दबलेल्या स्नायूंचा प्रश्न याहून अवघड आहे. चिरडलेल्या स्नायूंतले पोटॅशियम आणि मायोग्लोबिन हे प्रथिन, वरचा भार काढताच एकदम रक्तात उतरते. त्याने हृदयाची लय बिघडते आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. म्हणून सलाईन लवकरात लवकर, जमल्यास माणूस ढिगाऱ्यातून मोकळा होण्याआधीच सुरू करावे लागते, आणि लघवी किती होते, तिचा रंग काळ्या चहासारखा तर नाही ना, हे तासातासाला पाहावे लागते. मोठ्या माणसाला धडाधड लावलेली बाटली मुलाला लावता येत नाही, कारण त्याचा प्रत्येक मिलीलिटर किलोच्या हिशेबाने ठरतो आणि जास्तीचे पाणी फुप्फुसांत साठते. वजनकाटा नसेल तर मुलाला झोपवून त्याच्या उंचीला रंगीत पट्टी लावतात; टाच ज्या रंगावर येते, त्या रंगात औषधांची मात्रा आणि श्वासनलिकेत घालायच्या नळीचा आकार लिहिलेला असतो. थंडीने आखडलेल्या छोट्या हातावर शीर सापडत नाही, तेव्हा गुडघ्याखालच्या हाडातून सलाईन द्यावे लागते.

आणि हे क्ष-किरण चित्र नीट पाहा. हाडाच्या टोकाशी दिसणारी ही काळी फट मोडल्याची खूण नसून, हाड जिथून वाढते तो कूर्चेचा थर आहे. तो दुखावला आणि नीट जुळला नाही, तर तो पाय कायमचा आखूड राहू शकतो.

या सगळ्याचे शिक्षण लष्करात आहे. पुण्याच्या वानवडी भागातल्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात १९४८ पासून लष्करी डॉक्टर घडत आले आहेत, आणि शांततेच्या काळात लष्करी रुग्णालये जवानांच्या मुलाबाळांवर उपचार करतात, त्यामुळे बालरोगतज्ज्ञही लष्कराकडे आहेत. परदेशी आपत्तीत जाणाऱ्या प्रत्येक पथकात बालरोगतज्ज्ञ असलाच पाहिजे आणि मुलांच्या साहित्याची वेगळी पेटी विमानातून सर्वांत आधी उतरली पाहिजे, हा आमचा आग्रह आहे. मार्च २०२५ मधल्या भूकंपानंतर लष्कराचे ११८ जणांचे वैद्यकीय पथक म्यानमारमधल्या मंडालेला गेले. अशा मोहिमा आता वरचेवर निघत आहेत, आणि घरे कोसळतात तिथे लहान मुलांची गाठ पडणारच आहे.

भाषेचा अडसर मोठा होता, तरी वाटतो तेवढा नाही. ‘आजियोर मू’ म्हणजे दुखतंय का, ‘कोर्कमा’ म्हणजे घाबरू नकोस, आणि आईला विचारायचा पहिला प्रश्न ‘काच किलो’, म्हणजे वजन किती. हवा तिकडेही हवाच आहे, हिशेबाला हेसाप म्हणतात, आणि प्लास्टर किती ‘हाफ्ता’, म्हणजे आठवडे, ठेवायचे हे सांगताना मराठी माणसाला आपला हप्ता आठवतो.

हे छायाचित्र भारतीय सेनेने प्रसिद्ध केले आणि ते जगभर पाहिले गेले. मेजर बीना तिवारी यांना एक तुर्की महिला मिठी मारून त्यांच्या गालाचा मुका घेते आहे.

पथकाने सुमारे बारा दिवसांत साडेतीन हजारांहून अधिक रुग्ण तपासले आणि निघताना स्थानिक लोकांनी टाळ्या वाजवून त्यांना निरोप दिला. पुढचे उपचार, कृत्रिम अवयव आणि अनाथ झालेल्या मुलांची सोय हे सारे तिथल्या यंत्रणेकडे राहिले. २० फेब्रुवारीला पथक मायदेशी परतलेले असताना, त्याच रात्री आठच्या सुमारास हाताय प्रांत ६ हून अधिक तीव्रतेच्या भूकंपाने पुन्हा हादरला. ज्या मुलांच्या हातापायांवरची प्लास्टरे काढायला अजून काही हप्ते बाकी होते, त्यांना कडेवर घेऊन लोक पुन्हा थंडीत रस्त्यावर आले.