शेणकिड्याच्या पोटावरचे प्राणी

पडद्यावर दिसणारा हा दगडी ताईत जेमतेम दोन सेंटिमीटर लांबीचा आहे. त्याची पाठ शेणाचा गोळा ढकलत नेणाऱ्या शेणकिड्यासारखी घडवली आहे. जमिनीत पुरलेल्या गोळ्यातून नवा किडा वर येताना पाहून प्राचीन इजिप्तच्या लोकांनी त्याचे नाते रोज पहाटे नव्याने उगवणाऱ्या खेप्री या सूर्यदेवाशी जोडले आणि असे ताईत शतकानुशतके अंगावर वागवले. आम्हाला मात्र अधिक कुतूहल आहे ते त्यांच्या सपाट पोटाविषयी, कारण कारागिराला मोकळीक मिळाली ती तिथेच.

बहुतेक ताईत स्टिएटाइटचे, म्हणजे आपल्या शंखजिऱ्याच्या जातीच्या दगडाचे असत. नखाने ओरखडा उमटावा इतका मऊ असलेला हा दगड कोरून, दोरा ओवण्यासाठी त्याला लांबीच्या दिशेने आरपार भोक पाडून आणि निळसर-हिरवी झिलई चढवून भट्टीत भाजला, की तो काचेवर चरा पाडण्याइतका कठीण होई. सिंधू संस्कृतीच्या मुद्राही प्रामुख्याने याच दगडाच्या आहेत.

इ.स.पू. सुमारे 1650 ते 1550 या काळात नाईलच्या त्रिभुज प्रदेशातील अवारिस येथून हिक्सॉस हे मूळचे पश्चिम आशियातले राजे राज्य करत असताना, शेजारच्या कनानमध्येही, म्हणजे आजच्या इस्रायल-पॅलेस्टाईनच्या परिसरातही, हे ताईत मोठ्या प्रमाणावर घडत होते. गाझाजवळच्या तेल अल-अज्जुल या एकाच स्थळावरून, जिथे ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांनी 1930 च्या दशकात उत्खनन केले, असे हजाराहून अधिक नमुने मिळाले आहेत. त्यांवर सिंह आहेत, मगरी आहेत, फणा काढलेले नाग आहेत. पण सर्वांत देखणी आहेत ती शिंगाळी हरिणे. मान मागे वळवलेल्या हरिणाची शिंगे लंबगोलाच्या कडेला बिलगून वाकतात, अंग आडव्यातिडव्या बारीक रेघांनी भरलेले असते आणि पाठीवर उरलेल्या जागेत एखादी डहाळी येते. या डहाळीचा संबंध अभ्यासक सुफलतेशी जोडतात. आम्हाला त्यात रिकामी जागा न सोडण्याची कारागिराची सवयही दिसते.

पुढे इजिप्तमध्ये पिल्ले तोंडात सांभाळणारा तिलापिया मासा पुनर्जन्माचे चिन्ह म्हणून या पोटावर आला. इ.स.पू. चौदाव्या शतकात तिसरा आमेनहोतेप या इजिप्तच्या राजाने तर तळहातभर मोठे शेणकिडे घडवून घेतले, ज्यांवर चित्राऐवजी मजकूर आहे: राजाने पहिल्या दहा वर्षांत स्वतःच्या बाणांनी 102 सिंह मारले. मोजदाद अर्थातच राजाच्याच पदरच्या लोकांनी केलेली होती.