पांढरा उंदीर, पण नेमका कुठला?

[कोल्हापुरातल्या एका फार्मसी कॉलेजचं अ‍ॅनिमल हाउस. रॅकवरचे पिंजरे.]

खाली भाताचं तूस, वर जाळीत खाद्याच्या गोळ्या आणि पाण्याची बाटली. दिवे बारा तास चालू, बारा तास बंद. कोल्हापुरातली फार्मसीची मुलं याच खोलीत पहिल्यांदा उंदीर हातात धरायला शिकतात. शेपूट बुडाशी धरायची, उंदराला जाळीवर टेकू द्यायचं, मग मानेमागची कातडी चिमटीत घ्यायची. या मुलीचा हात बघा, किती हलका आहे.

तिच्या हातातला हा स्विस अल्बिनो. १९२६ साली क्लारा लिंच यांनी स्वित्झर्लंडमधल्या लोझानहून दोन नर आणि सात माद्या अमेरिकेत नेल्या, त्यांचा हा वंश. याची वीण मुद्दाम जवळचं नातं टाळून केली जाते, त्यामुळे एकाच पिंजऱ्यातले उंदीरसुद्धा जनुकांनी वेगवेगळे असतात.

[शेजारचा पिंजरा, जवळून.]

आता हा बघा. हाही पांढरा, डोळेही तसेच लाल. पण हा बाल्ब-सी, म्हणजे इनब्रेड, जवळच्या नात्यातच वीण करून तयार केलेला. यातल्या कुठल्याही दोघांची जनुकं जवळजवळ एकसारखी. कॅमेऱ्याला या दोन पिंजऱ्यांतला फरक दिसत नाही, आणि आमचं सगळं म्हणणं इथूनच सुरू होतं.

[फळ्यावर वंशवेल काढणारा हात.]

इनब्रेड स्ट्रेन, म्हणजे असा एकसारखा वंश, तयार करायला सख्ख्या भावा-बहिणीची जोडी लावतात. त्यांच्या पिलांमधून पुन्हा भाऊ-बहीण. असं सलग किमान वीस पिढ्या. दर पिढीला जनुकांच्या जोडीतलं वेगळेपण गळत जातं आणि विसाव्या पिढीपर्यंत ९८ टक्क्यांहून जास्त ठिकाणी जोडीतली दोन्ही रूपं सारखी होतात. क्लॅरेन्स कुक लिटल यांनी हार्वर्डमध्ये विद्यार्थी असताना, १९०९ मध्ये, हे काम हाती घेतलं. त्यातून डीबीए हा पहिला स्ट्रेन आला.

[स्लाइडवरचा काळा उंदीर.]

या काळ्या उंदराच्या मुळाशी एक शिक्षिका आहेत. अ‍ॅबी लॅथ्रॉप शाळा सोडल्यावर मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रॅन्बी गावी हौशी लोकांसाठी उंदीर पाळायच्या. पुढे प्रयोगशाळा त्यांच्याकडून उंदीर घेऊ लागल्या. त्यांच्याकडून आलेल्या सत्तावन्न क्रमांकाच्या मादीपासून लिटल यांनी १९२१ मध्ये सी५७-ब्लॅक हा वंश उभा केला. २००२ मध्ये उंदराचा जीनोम, म्हणजे संपूर्ण जनुकीय आराखडा, प्रसिद्ध झाला, तो याच वंशातल्या ब्लॅक-सिक्सचा. लॅथ्रॉपबाईंचं नाव मात्र फार कमी वर्गांत घेतलं जातं. इथे ते घेतलं जातं, याचं आम्हाला मनापासून कौतुक वाटतं.

हा ब्लॅक-सिक्ससुद्धा आता एक राहिलेला नाही. १९५१ मध्ये त्याची एक शाखा जॅक्सन प्रयोगशाळेतून अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत गेली. दोन्हीकडे वीण चालू राहिली, दोन्हीकडे वेगवेगळे बदल साचत गेले. जॅक्सनच्या ‘जे’ शाखेत एनएनटी जनुकाचा तुकडाच गळला आहे, त्याचा परिणाम इन्सुलिन स्रवण्यावर होतो. ‘एन’ शाखेत दृष्टिपटल बिघडवणारा बदल आहे. दिसायला दोघे सारखेच काळे.

असा फरक नेमका टिपला, की तो नोबेलपर्यंतही पोचतो. सी३एच-एचईजे या स्ट्रेनवर जिवाणूंच्या एंडोटॉक्सिन या विषाचा जवळपास परिणामच होत नव्हता. का, याचा माग काढताना ब्रूस ब्यूटलर यांच्या गटाला १९९८ मध्ये टीएलआर-४ जनुकातला एका अक्षराचा बदल सापडला. शरीर जिवाणू कसे ओळखतं, हे त्यातून उलगडलं. २०११ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा आहे.

[लक्ष्मीपुरी, धान्याची पोती. मागून पळणारा करडा उंदीर.]

आणि हा लक्ष्मीपुरीचा. भारतीय उपखंडातल्या अशा मोकळ्या उंदरांमध्ये जनुकीय विविधता प्रयोगशाळेतल्या जुन्या स्ट्रेनपेक्षा कितीतरी जास्त आहे. म्हणूनच ‘कोलॅबोरेटिव्ह क्रॉस’ या प्रकल्पात आठ स्ट्रेन एकमेकांत मिसळताना त्यांतले तीन मोकळ्या उंदरांपासून केलेले घेतले.

[करवीर तालुका, ऊसलागण.]

या शिवारात नुसता ‘ऊस लावला’ म्हणून कुणी थांबत नाही. ८६०३२ ही जात असली तरी पुढचा प्रश्न येतोच, बेणं कुठलं? प्रयोगशाळेतही हाच प्रश्न विचारायला हवा. शोधनिबंधात नुसतं ‘पांढरे उंदीर वापरले’ असं लिहिलं, तर दुसरीकडे तोच प्रयोग जुळत नाही आणि आणखी प्राणी वापरावे लागतात.

[पिंजऱ्यावरचं कार्ड. पेन.]

या कार्डावर आजवर तारीख, संख्या आणि प्रयोगाचा क्रमांक एवढंच असायचं. आता ही मुलगी त्याखाली लिहिते आहे: स्ट्रेन, सबस्ट्रेन (म्हणजे त्याची शाखा), कुठून आणला, नर की मादी, वय. प्राण्यांवरचे प्रयोग कसे मांडावेत याची ‘अराइव्ह’ ही मार्गदर्शक तत्त्वं २०१० पासून हेच मागत आली आहेत. पुढच्या बॅचपासून इथल्या प्रत्येक कार्डावर हे पाच रकाने छापूनच येणार आहेत, आणि तेच प्रबंधातही उतरवावे लागतील.