खुंट जुना, डोळा नवा

मंडळी, मघाशी माझी ओळख ‘लसीकरणातला माणूस’ अशी करून दिली. खरं सांगू? माझी निम्मी नोकरी आइसपॅक कानाशी धरून हलवण्यात गेली. डीप फ्रीजरमधून काढलेला पॅक टेबलावर ठेवायचा, आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला की मगच तो लसीच्या डब्यात. कडक बर्फ पेंटाव्हॅलंटला, म्हणजे बाळांच्या पाच रोगांवरच्या एकत्र लसीला, चिकटला तर ती गोठते आणि फुकट जाते. पेठ-सुरगाण्याच्या वाटेवर मोटरसायकलला बांधलेला तो डबा मी पोरासारखा सांभाळलाय.

त्यामुळे २०१३-१४ च्या हंगामात अमेरिकेत नाकात फवारायची फ्लूची लस एच१एन१ वर, म्हणजे स्वाइन फ्लूच्या विषाणूवर, चालेना असं कळलं, तेव्हा मी पटकन म्हणालो, ‘लसीची गाडी उन्हात उभी राहिली असणार!’

तिथे काय झालं ते कळायला आधी ही लस बनते कशी ते बघू. इथे द्राक्षवाले बरेच बसलेत, म्हणजे माझं काम सोपं. तुम्ही डॉगरिजचा खुंट लावता आणि त्यावर हव्या त्या वाणाचं कलम भरता. या लसीतही तेच. फ्लूच्या विषाणूचे जनुकांचे तुकडे आठ. सहा जुन्या खुंटाचे, दोन यंदाच्या वाणाचे. अमेरिकी लसीचा ए गटाचा खुंट १९६० मध्ये अ‍ॅन आर्बरला सापडलेला. मिशिगन विद्यापीठाच्या मासाब यांनी तो हळूहळू २५ अंशांवर वाढायला शिकवला. असा विषाणू नाकाच्या गारव्यात रुजतो, छातीतल्या उष्णतेत मात्र वाढत नाही. २०१० मध्ये आपल्या पुण्याच्या सीरमने ‘नॅसोवॅक’ आणली, तिचा खुंट रशियन, लेनिनग्राडचा, १९५७ चा.

लस जिवंत आहे, तेव्हा ती नाकात पोचेपर्यंत जिवंतच राहायला हवी. म्हणून २ ते ८ अंश. अमेरिकेत उष्ण भागात गेलेल्या खोक्यांचा गुण कमी पडल्याचं लस बनवणाऱ्या कंपनीच्याच लोकांना दिसलं. म्हणजे माझा अंदाज बरोबर? अर्धाच. त्याच फवाऱ्यात दुसरेही विषाणू होते, त्याच गाडीतून आलेले, आणि ते तग धरून होते. ढेपाळला तो एकटा एच१एन१.

खोट त्याच्या अंगातच होती. विषाणूच्या पृष्ठभागावर हिमॅग्लुटिनिन नावाचं प्रथिन असतं. उंदराच्या चापासारखं समजा, ताणून बसवलेलं. पेशीच्या आत आम्लता मिळाली की चाप उडतो आणि विषाणूला वाट मिळते. २००९ च्या कॅलिफोर्निया वाणात त्या प्रथिनाच्या देठात एका जागी असं अमिनो आम्ल होतं की थोड्याशा उबेनेही चाप आधीच उडायचा. उडालेला चाप उंदीर काय पकडणार! तुमच्याकडे नाही का, एकाच कंटेनरमधून गेलेल्या दोन वाणांपैकी एकाचे मणी गळतात? प्रीकूलिंगला, म्हणजे माल भरण्याआधी गार करण्याला, बोल लावून उपयोग नाही, त्या वाणाची टिकवण क्षमताच कमी.

मग त्यांनी वाण बदलला. बोलिव्हियाचा घेतला, उष्णतेत टिकणारा. प्रश्न सुटला असं सगळ्यांना वाटलं. आणि २०१५-१६ मध्ये मुलांमधली परिणामकारकता मोजली तर ३ टक्के! टोचायच्या लसीची ६३. जून २०१६ मध्ये अमेरिकेच्या लसीकरण सल्लागार समितीने सांगितलं, यंदा ही वापरू नका. इंग्लंडने मात्र आपल्या मुलांना देणं चालूच ठेवलं. तिथे आकडे बरे येत होते.

इथे मी स्वतः चुकलो होतो. मला वाटायचं, टिकली म्हणजे चालली. बोलिव्हियावाला टिकत होता, पण माणसाच्या नाकातल्या पेशींवर वाढतच नव्हता. कलम हिरवं आहे, पण घड नाही. पुढे स्लोव्हेनियाचा वाण घेतला, तो त्या पेशींवर चांगला वाढला, आणि २०१८ च्या फेब्रुवारीत समितीने लस पुन्हा यादीत घेतली. आता वाण निवडताना त्या पेशींवरची वाढही आधी बघतात.

हं, त्या ताईंचा प्रश्न: बाळ शिंकलं तर पुन्हा फवारायची का? नाही. पुरेशी आत जाते, शिंकू द्या.

आणि मागचे आजोबा, तुम्ही नाकातली मागू नका. अमेरिकेत ती ४९ वर्षांपर्यंतच देतात. इतक्या हिवाळ्यांचा फ्लू पाहिलेल्या नाकात असा दुबळा विषाणू नीट रुजत नाही. तुम्ही आपलं दंडावरचंच घ्या.